आडवं ठेवलेलं फुलपात्र

१

तोमोए कुराहाशी ही काही फार मोठी गोल्फपटू नव्हे. अमेरिकेतल्या बायकांच्या स्पर्धांत तिचा क्रमांक साठ-सत्तरच्या आसपास घुटमळत असे आणि शेवटची स्पर्धा जिंकल्याला तीन वर्षं उलटून गेली होती. तरी इंटरनेटवर तिचे एक्केचाळीस लाख फॉलोअर्स होते. त्यातल्या निम्म्यांना गोल्फचं ओ की ठो कळत नसावं. ते यायचे अठरा सेकंदांच्या एका व्हिडिओसाठी.

रोज एक व्हिडिओ. ज्या गावात स्पर्धा असेल तिथल्या हॉटेलची खोली, जमिनीवर टेकवून ठेवलेला फोन, त्याच्यापुढे गालिच्यावर आडवा केलेला काचेचा ग्लास. खोलीच्या पलीकडच्या टोकाला पांढऱ्या मोज्यांतली दोन पावलं आणि चेंडू हलकेच ढकलायची काठी. चेंडू निघायचा, गालिच्यावरून आवाज न करता घरंगळत यायचा, ग्लासात शिरायचा आणि टण् व्हायचं. संपलं. चेहरा नाही, बोलणं नाही, संगीत नाही. हे ऐकल्याशिवाय झोप लागत नाही असं लोक लिहीत. एका बाईनं घटस्फोटाचं अख्खं वर्ष यावर काढलं होतं. काही उद्योगी मंडळी तर गालिच्याच्या नक्षीवरून हॉटेल कुठलं ते ओळखायचा खेळ खेळत, आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखत.

हे सगळं हिमानीच्या हातून जात असे. खेळाडूंचे सोशल मीडिया सांभाळणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती आणि अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या आपल्या घरातूनच काम करायची. दुपारी बाराच्या सुमाराला तोमोएच्या फोनवरून क्लिप येई. हिमानी तिची टोकं कापायची, वर फक्त दिवसाचा आकडा टाकायची आणि संध्याकाळी सहाला लावून द्यायची. मग तासभर घाणेरड्या कमेंट पुसत बसायचं. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर झालेल्या मुलीनं हे करावं का, असा प्रश्न तिच्या आईला पडे. हिमानीला तो पडेनासा झाला होता.

सहा वाजता मोरेश्वर तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसत. मोरेश्वर म्हणजे तिचे सासरे. नागपूरच्या इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर छिन्नी-हातोडीनं नावं घातली होती. सासूबाई, रत्नाबाई, गेल्यावर हिमानीच्या नवऱ्यानं, निमिषनं, दुकान विकायला लावून त्यांना इकडे आणलं, त्याला आता आठ महिने झाले होते. गाडी चालवता येत नाही, चालत जाण्याजोगं काही नाही. घरामागे कुंपणाला लागून गोल्फचं मैदान होतं, तिथून चुकून आलेले चेंडू गोळा करणं आणि सहाचा व्हिडिओ, एवढीच त्यांची दिवसभराची कामं.

“आली का तुझी जपानी पोट्टी?” ते विचारत आणि डोळे मिटून घेत. त्यांना बघायचं नसे, ऐकायचं असे.

टण् झालं की ते निकाल देत. “आज काच जाड आहे.” किंवा, “बूड सपाट नाही याचं.” हिमानीला आधी गंमत वाटायची. मग एकदा ते म्हणाले, “हा काच नाही, प्लास्टिक आहे,” आणि दुसऱ्या दिवशी फॉलोअर्सपैकी कोणीतरी शोधून काढलं की त्या हॉटेलात खरंच काचेसारखे दिसणारे प्लास्टिकचे ग्लास ठेवतात. त्यानंतर तिनं हसणं सोडलं.

२

चारशे बाराव्या दिवशी टण् झालं आणि मोरेश्वर खुर्चीत सावरून बसले. त्यांनी डोळे उघडले.

“परत लाव.”

तिनं परत लावलं.

“हे फुलपात्र आहे,” ते म्हणाले. “स्टीलचं. जुन्या जाड पत्र्याचं, आता असा पत्रा येत नाही.”

“बाबा, ग्लास दिसतोय की समोर. हे बघा, काच आहे.”

“दिसत असेल. मी ऐकून राहिलो.”

हिमानीनं वाद घातला नाही. पण ते झोपाळ्यावर जाऊन बसल्यावर तिनं कालची आणि आजची क्लिप एकापुढे एक लावून ऐकली. काच वाजते आणि थांबते. हा आवाज वाजून झाल्यावरही बारीक घुमत राहत होता. फोनचा माइक खराब झाला असेल. खोली मोकळी असेल. एकाच आवाजाला दहा कारणं असू शकतात, आणि ती तिनं मनात मोजलीही.

लोकांना मात्र तो आवाज भलताच आवडला. एरवीच्या तिप्पट लोकांनी पाहिलं. सकाळी प्रीताचा, म्हणजे तिच्या बॉसचा, फोन आला. प्रीताचे आईवडील दादरचे, ती स्वतः न्यू जर्सीत जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी अर्ध्या वाटेवर दमायचं.

“हिमानी, हा न्यू साउंड अमेझिंग आहे यार! तोमोएनी काय चेंज केला? आय आस्क्ड हर टीम. ते म्हणतात, नथिंग. सेम हॉटेल ग्लास.”

“मग राहू दे ना.”

“एक्झॅक्टली. डोन्ट टच इट.”

हिमानीनं हात लावला नाही. पुढचे चार दिवसही तोच आवाज आला.

३

आता घरातली गोष्ट सांगायला हवी, कारण खरी काळजी तीच होती.

मोरेश्वरांनी दोनदा गॅस चालू ठेवला होता. एकदा दुपारी जिन्यात उभं राहून त्यांनी हिमानीला “रत्ना” अशी हाक मारली होती आणि चूक लक्षात आल्यावर लहान मुलासारखे ओशाळले होते. निमिष अटलांटाला ऑफिसात जाई, रात्रीच्या जेवणालाच घरी येई. दिवसभर त्यांच्यावर लक्ष हिमानीचं. पस्तीस मिनिटांवर एक वृद्धांची संस्था होती. तिथे विस्मरण होणाऱ्यांसाठी वेगळा विभाग होता, गुजराती जेवण मिळायचं, एक जागा रिकामी झाली होती. शुक्रवारपर्यंत फॉर्म भरून द्यायचा होता.

फॉर्ममध्ये बावीस प्रश्न होते. एकवीस सोपे होते. सतरावा असा होता: ही व्यक्ती इतरांना न दिसणाऱ्या किंवा न ऐकू येणाऱ्या गोष्टींबद्दल बोलते का?

“हा फॉर्म तूच भर,” निमिष म्हणाला. “तू असतेस घरी. मी लिहिलं तर गेस केल्यासारखं होईल. पण ऑनेस्टली भर हं. मला त्यांना उगाच तिकडे टाकायचं नाहीये. ते ठीक असतील तर इथेच राहू देत, आपण मॅनेज करू.”

तो मनापासून बोलत होता. म्हणजे मोरेश्वरांनी या घरात राहायचं की त्या विभागात, हे एका रकान्यावर येऊन ठेपलं होतं आणि तो रकाना हिमानीच्या हातात होता. तिला त्याचा राग आला. सासरे तिला आवडत. त्याहून जास्त ती दमली होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

सतरावा प्रश्न तिनं कोरा ठेवला.

४

चारशे सतराव्या दिवशी हॉटेल ओळखणाऱ्या मंडळींनी हात टेकले. हे हॉटेल नाहीच, असं त्यांनी जाहीर केलं. गालिचा घरगुती आहे, फिकट बदामी. भिंतीच्या तळाशी हवा यायची जाळी आहे, तिची तिसरी पट्टी वाकलेली. आणि उजव्या कोपऱ्यात एक पिवळा डाग आहे. त्या डागाला त्यांनी लगेच ‘बेट’ असं नावही ठेवलं.

हिमानी तो डाग पाहत राहिली.

त्यांच्या तळघरात बदामी गालिचा होता. तीन वर्षांपूर्वी वास्तुशांतीच्या जेवणात आमटीचं पातेलं तिथे कलंडलं होतं आणि हळदीचा डाग कशानंच गेला नव्हता, म्हणून त्यावर एक मोठी गादी टाकून ठेवली होती. जाळीची पट्टी सामान आणताना वाकली होती.

ती खाली गेली नाही. तिनं विचार केला. या भागातली सगळी घरं एकाच बिल्डरनं बांधलेली, गालिचे सगळीकडे तेच, जाळ्या त्याच. हळद काही फक्त मराठी माणसं खात नाहीत. तोमोए कोणाच्या तरी घरी उतरली असेल. विचार नीट केला की सगळं जागच्या जागी बसतं असा तिचा अनुभव होता.

त्याच संध्याकाळी मोरेश्वर स्वयंपाकघरात मांडणीपुढे उभे होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी रत्नाबाईंना सहा फुलपात्रं दिली होती, प्रत्येकावर स्वतःच्या हातानं ठिपक्याठिपक्यांत ‘रत्ना’ असं नाव घातलेलं. ती सहा फुलपात्रं नागपूरहून सुटकेसमधून आली होती. मांडणीवर पाच होती.

“बाबा, महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला गेलं असेल ते कोणाकडे,” हिमानी म्हणाली. “कोथिंबीर वड्यांबरोबर चटणी नव्हती का नेली आपण?”

भांडं हरवलं की पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं पदार्थ घेऊन यायचं जेवण, हे इथल्या प्रत्येक मराठी घराचं ठरलेलं उत्तर. तिनं लगेच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंही: आमचं एक फुलपात्र कोणाकडे आलंय का? वर ‘रत्ना’ असं नाव आहे. दहा मिनिटांत एक झारा, दोन डबे आणि कुकरची शिट्टी आपापल्या मालकांना सापडली. फुलपात्राबद्दल कोणीच काही बोललं नाही.

“कोणाकडे गेलं नाही ते,” मोरेश्वर शांतपणे म्हणाले. “मीच खाली ठेवून राहिलो रोज. सकाळी ठेवतो.”

“खाली? काहून?” त्यांच्यासारखंच तिच्या तोंडून निघालं.

“काच होती न तिथे. फुटली म्हणजे? अनवाणी असते पोट्टी, नुसते मोजे.”

५

दुसऱ्या दिवशी ती खाली गेली तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि तळघराच्या उंच खिडक्यांतून भरपूर उजेड येत होता. घाबरण्यासारखं काही नव्हतं. गादी बाजूला सारलेली, डाग उघडा. जाळीपासून चार हातांवर फुलपात्र आडवं ठेवलेलं, तोंड खोलीच्या पलीकडच्या टोकाकडे. आत एक गोल्फचा चेंडू.

हिमानीला एवढं हायसं वाटलं की ती खाली बसलीच. मैदानातून आलेले चेंडू बाबा गोळा करतात. व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी तसंच इथे मांडलंय. बिचारा एकटा माणूस, खेळतोय. सगळं उलगडलं.

जिना चढून ती टेबलापाशी आली तेव्हा त्या दिवसाची क्लिप आलेली होती. तोमोए त्या वेळी मिशिगनमध्ये होती. दुसऱ्या पडद्यावर तिची स्पर्धा चालू होती आणि ती निळ्या टोपीत, उन्हात, सातव्या खड्ड्याजवळ उभी असलेली दिसत होती. हिमानीनं क्लिप उघडली.

ग्लास नव्हता. फुलपात्र होतं. चेंडू आत शिरला, टण् झालं, आणि त्या धक्क्यानं फुलपात्र थोडं फिरलं. शेवटच्या दोन सेकंदांत त्याच्या पोटावरचे ठिपके कॅमेऱ्यापुढे आले. तिनं चित्र मोठं केलं. रत्ना. त्यातल्या ‘र’ला मोरेश्वर घालतात तसं लांब शेपूट होतं.

मग तिनं ते दोन सेकंद कापले आणि सहा वाजता बाकीची क्लिप लावून दिली.

मोरेश्वर डोळे मिटून बसले होते.

“तू कापलं,” ते म्हणाले.

“काय कापलं?”

“पुरतं घुमू दिलं नाहीस. हे भांडं चार सेकंद घुमते. मीच घडवून घेतलं होतं ते.” ते रागावले नव्हते. “तूही ऐकलं न, हिमानी? मी वेडा नाही झालो न?”

तिनं पडद्याकडे पाहिलं. कमेंट धो धो येत होत्या, पुसायच्या होत्या. “नंतर बोलू बाबा,” ती म्हणाली.

६

त्यातली एक कमेंट तिनं पुसली, पण त्याआधी नऊ हजार लोकांनी ती पाहिली होती. कोणीतरी घरविक्रीच्या जुन्या जाहिराती धुंडाळून एक फोटो काढला होता. तीच जाळी, तोच भिंतीवरचा दिवा, तीच उंच खिडकी. खाली पत्ता. हिमानीच्या घराचा.

आता लोक येतील, दारात फोन घेऊन उभे राहतील, निमिषला काय सांगायचं?

पण कोणीच आलं नाही. तासाभरात त्याच मंडळींनी तो शोध स्वतःच मोडीत काढला. जाहिरातीतल्या फोटोत ‘बेट’ नव्हतं. डाग नाही, म्हणजे हे घर नाही. मुद्दा बिनतोड होता, सगळ्यांना पटला आणि शोध ओहायोकडे सरकला.

डाग घर घेतल्यानंतर पडला, हे एक्केचाळीस लाखांत फक्त हिमानीला माहीत होतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आयुष्यात इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं.

७

शुक्रवारी सकाळी निमिष ऑफिसला गेला नाही. तिघं जेवणाच्या टेबलापाशी बसले, मध्ये तो फॉर्म.

“बाबा म्हणतात, तो आवाज तूही ऐकलास,” निमिष म्हणाला. “आणि व्हिडिओतलं फुलपात्र आईच्या नावाचं आहे म्हणतात. हिमानी, टेल मी. तुला असं काही दिसलंय? ऐकू आलंय? तू ‘हो’ म्हणालीस तर मी हा फॉर्म फाडतो.”

मोरेश्वर तिच्याकडे बघत होते. विनवणी वगैरे काही नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. गिऱ्हाईक भांडं हातात घेऊन वाजवून बघतं, तेव्हा दुकानदार जसा गप्प उभा राहतो, तसे ते बसले होते.

हो म्हणायचं म्हणजे काय काय म्हणायचं, याचा हिमानीनं झरझर हिशेब केला. मिशिगनमधली बाई आपल्या तळघरात चेंडू ढकलते असं म्हणायचं. मग ते कोणाला सांगायचं? मग रोज बारा वाजता काय करायचं? आणि त्याच घरात राहायचं, जेवायचं, झोपायचं. नाही म्हटलं की पुढे एकही शब्द लागत नव्हता.

“नाही,” ती म्हणाली.

निमिषनं हळूच मान हलवली. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, एका वेगळ्याच मऊ आवाजात त्यानं विचारलं, “किती दिवसांपासून ऐकू येतंय बाबा तुम्हाला?”

सतराव्या रकान्यात हिमानीनं ‘हो’वर खूण केली.

रविवारी सामान बांधताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. “खालचं फुलपात्र तिथेच राहू दे. उचलू नको.”

“हो बाबा.”

पण ते गाडीत जाऊन बसले आणि हिमानीला भरून आलं. परक्या जागी त्यांना आपलं काहीतरी हवं, सासूबाईंच्या नावाचं. ती धावत खाली गेली, फुलपात्र उचललं, चेंडू बाजूला ठेवला, भांडं धुऊन पुसून त्यांच्या बॅगेत शर्टांच्या घडीत घातलं. वाईट वाटणाऱ्या माणसानं करावं असंच ते काम होतं.

८

सोमवारी बारा वाजता क्लिप आली. बदामी गालिचा, वाकलेली पट्टी, डाग. समोर काहीच ठेवलेलं नाही. चेंडू निघाला, फुलपात्र असायचं त्या जागेवरून पुढे आला, कॅमेऱ्याच्या बाजूनं दिसेनासा झाला. आवाज नाही. पलीकडची पावलं थोडा वेळ तशीच राहिली. मग त्यांतलं एक उचललं गेलं आणि अर्धं पाऊल पुढे टेकलं. क्लिप संपली.

मंगळवारी तीच रिकामी जागा. पावलं चार पावलं पुढे आली.

बुधवारची क्लिप तिनं उघडली नाही. प्रीताचे तीन मेसेज आले. लोक वेडे झाले होते, चेंडू जातो कुठे म्हणून. आतापर्यंतचे सगळे आकडे मागे पडले होते.

पाच वाजता मोरेश्वरांचा फोन आला.

“दोन दिवस आवाज नाही आला,” ते म्हणाले. मागे कोणाचा तरी टीव्ही मोठ्यानं चालू होता. “माझ्या बॅगेत काहून टाकलं ते? मी सांगितलं होतं न?”

“बाबा, मला वाटलं...”

“तिले काहीतरी लागते समोर. नाहीतर ती पाहायला येईल. वाटी ठेव. काहीही ठेव, पण काच नको.”

हिमानीनं मांडणीवरून वाटी घेतली. तिच्यावर हिमानीचं स्वतःचं नाव होतं. लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर मोरेश्वरांनीच घातलेलं. जिना उतरताना ती मनाशी म्हणत होती की एका म्हाताऱ्या माणसाचं समाधान करायला चाललेय, एवढंच. पायऱ्या तेरा होत्या. त्या तिनं यापूर्वी कधी मोजल्या नव्हत्या.

खाली अजून ऊन होतं. तिनं गुडघे टेकले, हात लांब करून वाटी डागाजवळ आडवी ठेवली. बांगडी वाटीला लागून किणकिणली. मग तिनं मान वर केली.

गालिच्याची लव दोन ठिकाणी दबलेली होती. दोन पावलांएवढी, टाचा पलीकडे, बोटं तिच्याकडे. तिच्यापासून सहा हातांवर. ती बघत असताना डावीकडची लव हळूहळू वर उठली, आणि तेवढंच मागे, गालिचा पुन्हा दबला. मग उजवीकडची. एकेक पाऊल मागे, खोलीच्या पार टोकापर्यंत.

“हिमानी?” जिन्याच्या वरच्या पायरीवर निमिष होता, आज लवकर आलेला, हातात गाडीची किल्ली. “काय करतेयस खाली?”

टण् झालं. वाटी घुमली, एक, दोन, तीन, चार सेकंद.

त्या आवाजासरशी निमिषची मान वाटीकडे वळली. झटकन, थेट, इतवारीच्या दुकानात वाढलेल्या मुलाची वळावी तशी. हिमानीनं ते पाहिलं.

“ऐकलंस ना?” ती म्हणाली. “निमिष, ऐकलंस ना तू? आपण बाबांना आजच घरी आणू. मी तेव्हा खोटं बोलले. प्लीज.”

निमिषनं वाटीत थरथरणाऱ्या चेंडूकडे पाहिलं, मग गालिच्याकडे.

“नाही,” तो म्हणाला. मग दोन पायऱ्या उतरून, त्या मऊ आवाजात, “किती दिवसांपासून ऐकू येतंय तुला?”

९

गुरुवारची क्लिप बारा वाजता आली. तिच्यात सुरुवातीलाच एक हात आत येतो, हिरव्या बांगडीचा, आणि गालिच्यावर वाटी ठेवतो. मग नेहमीचंच. हिमानीनं यातलं काहीही कापलं नाही. पुरतं घुमू दिलं.

रात्री आठला फोन वाजला.

“वाटी ठेवली न,” मोरेश्वर म्हणाले. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा लागला होता. “छान वाजली. हात तुझाच होता म्हणे, इथल्या पोरीनं सांगितलं, हिरवी बांगडी. मग आता झालं न? आता येऊ न मी घरी?”

टेबलाच्या पलीकडे निमिष जेवत होता. त्याच्या फोनवरही तोच व्हिडिओ चालू होता, आवाज बंद करून. त्यानं मान वर केली नाही.

हिमानीनं पडद्यावरचा आकडा पाहिला. चाळीस लाखांहून जास्त लोकांनी तो आवाज ऐकला होता. तिच्या स्वतःच्या घरात मात्र तो कोणालाच ऐकू आला नव्हता.

“बघू बाबा,” ती म्हणाली.